किचिजिरोचं देणं

शुसाकू एंदो या जपानी लेखकाची ‘सायलेन्स’ ही कादंबरी मी म्हैसूरमध्ये वाचली. मूळ जपानी पुस्तक १९६६ सालचं. माझ्या हाती आला तो विल्यम जॉन्स्टन या आयरिश जेझुइट धर्मगुरूंनी केलेला, १९६९ साली निघालेला इंग्रजी अनुवाद. मी काही समीक्षक नाही, वसईकडच्या एका शाळेत मुलांना शिकवणारी बाई आहे. कादंबरी म्हणून तिची थोरवी मोजणं माझ्या आवाक्याबाहेरचं. मी तिचं जे देणं लागते, तेवढंच इथे मांडते.

माझा जन्म वसईच्या वाडीतला. केळी, सुपारी, नागवेल, बावखलातलं हिरवं पाणी आणि संध्याकाळी घरोघरी म्हटली जाणारी रोजरी, यांत मी वाढले. मिस्सा मराठीतून, गाणी मराठीतून. घरात ‘सुवार्ता’ मासिक यायचं, आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आईच्या उशाशी असायचं. श्रद्धा म्हणजे काय, हा प्रश्न पडावा अशी वेळच कधी आली नाही. उत्तर आधीच दिलेलं होतं आणि त्याचं नाव होतं संत गोन्सालो गार्सिया.

गोन्सालो आमचा, वसईचा. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथे जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या शाळेत तो शिकला आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी उचलली की धर्मगुरूंना त्याच्यावाचून चालेना. तरी जेझुइटांनी त्याला आपल्या संघात घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला, मनिलाला गेला, तिथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठवली, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो पुन्हा जपानात उतरला. तीन वर्षांनी स्पेनचं ‘सान फेलिपे’ हे गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. धर्मगुरूंच्या मागोमाग स्पेनचं सैन्य येणार, असा संशय दरबारात बळावला आणि धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत चालवत नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत आमचा गोन्सालो होता. १८६२ साली नवव्या पोप पायस यांनी त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत.

लहानपणी मला यातलं राजकारण काहीच ठाऊक नव्हतं. गलबत, वकिलात, दरबारातला संशय हे सगळं मी फार उशिरा वाचलं. मला ठाऊक होता तो क्रूस आणि त्यावर न डगमगलेला माणूस. खरा माणूस ताठ उभा राहतो आणि जो वाकतो तो कच्चा, एवढा धडा मी त्यातून घेतला. धर्मशिक्षणाच्या वर्गात मला कुणी असं शिकवलं नव्हतं. पण पोरं शिकवलेलं सोडून आपल्या सोयीचंच उचलतात, तसं मीही उचललं.

पुढे हा धडा वापरायची वेळ आली. नव्वदच्या सुमारास वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं. शेतं, वाड्या, बावखलं यांवर इमारती उभ्या राहणार हे दिसू लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’चं आंदोलन उभं राहिलं. मी तेव्हा कॉलेजात होते. मोर्च्यांत घोषणा दिल्या, घरोघर पत्रकं वाटली. जमिनींच्या व्यवहारात गुंडगिरी शिरलेली होती. कुणाच्या घरी कोण येऊन गेलं, हे माणसं हळू आवाजात सांगत. अशात एके दिवशी कळलं की माझ्या मामाने आपली पानांची वाडी लिहून दिली.

मामाच्या नागवेलीच्या वाफ्यांत आम्ही भावंडं खेळत वाढलो होतो. सगळं गाव एकीकडे उभं असताना त्याने सही केली. त्याच्या घरी रात्री माणसं येऊन गेली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. पण माणसं इतरांकडेही आली होती, त्यांनी कुठे सह्या केल्या? असा आमचा हिशेब. लोक त्याला फितूर म्हणाले. घरातल्यांनी तोंडाने म्हटलं नाही, वागण्यातून म्हटलं. त्याने मिस्सेला येणं सोडलं नाही, फक्त पुढच्या बाकावरून उठून तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागला. नाताळात त्याच्या घरून फराळाचं ताट यायचं. आई ते घ्यायची. मी त्याला हात लावायची नाही, आणि हे आपलं तत्त्व आहे असं मला वाटायचं.

अशी मी, शाळेत नोकरी लागून काही वर्षं झाल्यावर, म्हैसूरला गेले. भारतीय भाषा संस्थानाचं एक केंद्र तिथे आहे. देशभरातल्या शाळांमधले शिक्षक तिथे दक्षिणेची एखादी भाषा शिकायला येतात. अभ्यासक्रम दहा महिन्यांचा. मी कन्नड निवडली होती. मानसगंगोत्रीच्या हिरव्या परिसरात ओरिसा, आसाम, मणिपूर अशा कुठकुठच्या शिक्षकांबरोबर मी पुन्हा बाकावर बसले. वर्गात मी मागे पडायची. अक्षरं गिरवताना हात थरथरायचा, प्रश्न आला की मान खाली जायची. आमच्या कन्नडच्या मॅडम मान खाली घातलेल्या विद्यार्थ्याकडून काही ओढून काढायला जात नसत. पुढच्याला विचारत आणि दोन दिवसांनी पुन्हा माझ्याकडे येत. मी स्वतः बाई म्हणून इतकी वर्षं वर्गात उभी होते, पण हा धीर माझ्याकडे नव्हता, हे तिथे उमगलं.

म्हैसूरने मला लगेच आपलं केलं ते देवराज मार्केटमधल्या पानांनी. म्हैसूरच्या विड्याच्या पानाला भौगोलिक मानांकन आहे. पान मऊ, जिभेवर विरघळणारं. रचून ठेवलेल्या कवळ्या पाहिल्या की मला मामाची वाडी आठवायची आणि मी पुढे सरकायची.

वसतिगृहात माझ्या खोलीत मणिपूरच्या डोंगराळ भागातून आलेली एक शिक्षिका होती. तीही ख्रिस्ती. तिला रहस्यकथांचं वेड होतं. एकदा पावसाळी रविवारी, अशोक रोडवरच्या सेंट फिलोमिना कॅथेड्रलमधून मिस्सा करून परतल्यावर, तिने एक जुनं, पाठ मोडलेलं पुस्तक माझ्याकडे दिलं. ‘‘हे वाच. दोन फादर चोरून परक्या देशात शिरतात आणि पकडले जायच्या भीतीत जगतात. रात्री झोप येणार नाही,’’ एवढीच तिची शिफारस.

झोप खरोखरच आली नाही. सुरुवात एखाद्या शोधकथेसारखी आहे. काळ १६३८ चा. जपानने १६१४ सालीच धर्मगुरूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढलेला. मागे राहिलेले लपून काम करताहेत, पकडले गेले की छळ ठरलेला. अशात युरोपात बातमी पोहोचते की क्रिस्तोव्हाव फेरेरा या नाणावलेल्या जेझुइटाने छळापुढे हार मानून धर्म सोडला. त्याच्या तरुण शिष्यांचा यावर विश्वास बसत नाही. रॉड्रिग्ज आणि गार्पे हे दोघे लिस्बनहून गोव्यावरून मकावला आणि तिथून चोरवाटेने जपानला जातात, गुरूचं खरं काय झालं ते शोधायला. वाटेत गोवा लागतो हे वाचून मला उगाच आपलं कुणी भेटल्यासारखं झालं. त्याच सागरी वाटेने त्यांच्याआधी साठ-सत्तर वर्षं आमचा गोन्सालो गेला होता.

फेरेरा खराखुरा माणूस. १६३३ साली नागासाकीत त्याला मलमूत्राच्या खड्ड्यात उलटं टांगलं होतं. काही तासांनी त्याने धर्मत्यागाची खूण केली आणि पुढचं आयुष्य जपानी नाव घेऊन काढलं. रॉड्रिग्जच्या पात्रामागेही ज्युसेप्पे कियारा नावाचा खरा इटालियन जेझुइट आहे. तोही शरण गेला आणि चाळीस वर्षं एदो शहरात नजरकैदेत राहून १६८५ साली वारला. एंदोंनी ज्यांच्यावर कादंबरी लिहिली, त्यांपैकी कुणाचीही मिरवणूक कधी निघणार नव्हती.

त्या दोघा फादरांना वाट दाखवायला मकावमध्ये एक जपानी कोळी मिळतो, किचिजिरो. दारुडा, लाचार, डोळे चुकवणारा. त्याच्या घरच्यांनी धर्मासाठी मरण पत्करलेलं. हा मात्र फुमिएवर पाय देऊन सुटलेला. फुमिए म्हणजे येशूची किंवा मरियेची मूर्ती कोरलेली पाटी. संशयिताने तिच्यावर पाय ठेवायचा; ठेवला तर सुटका, नाही तर छळ. किचिजिरो पुन्हा पुन्हा पाय ठेवतो, पुन्हा पुन्हा रडत परत येतो. शेवटी चांदीच्या नाण्यांसाठी तो रॉड्रिग्जला पकडून देतो. आणि पकडून दिल्यावरही तुरुंगाच्या दाराशी पावसात उभा राहून पापनिवेदनासाठी ओरडतो. माझ्यासारख्या दुबळ्याला देवाने अशा काळात जन्माला का घातलं, शांततेच्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो, अशी त्याची तक्रार असते.

मला त्याचा इतका संताप आला की मी पुस्तक मिटून ठेवलं. खोलीतल्या मैत्रिणीला म्हटलं, ‘‘असली माणसं गोष्टीत तरी कशाला आणतात?’’

ती केस विंचरत होती. म्हणाली, ‘‘आमच्या गावात रात्री जो येईल त्याला भात वाढावा लागतो. जंगलातले आले तर त्यांना, फौजी आले तर फौजींना. सकाळी कुणी कुणाला विचारत नाही की काल तुझ्याकडे कोण जेवलं. तुमच्याकडे विचारतात का?’’

आमच्याकडे विचारत होते. मी विचारत होते. पण मी काही बोलले नाही.

पुस्तकाचा उरलेला भाग मी वेगळ्या मनाने वाचला. त्यातला धाक मला तेव्हा नीट दिसू लागला. इनोउए हा अधिकारी राक्षस नाही, हसतमुख म्हातारा आहे, राज्यकारभार जाणणारा. धर्मगुरूला मारलं तर तो हुतात्मा होतो आणि लोक आणखी घट्ट होतात, हे त्याला पक्कं कळलंय. म्हणून तो धर्मगुरूच्या अंगाला हात लावत नाही, त्याच्या डोळ्यांदेखत शेतकऱ्यांना मारतो. मोकिची आणि इचिझो यांना भरतीच्या पाण्यात खांबांना बांधतात. इतरांना चटयांत गुंडाळून समुद्रात ढकलतात, आणि त्यांच्याकडे धाव घेणारा गार्पेही बुडून मरतो. शेवटच्या रात्री रॉड्रिग्जला कोठडीत कुणीतरी घोरत असल्यासारखा आवाज येतो. ते घोरणं नसतं, खड्ड्यात टांगलेल्या माणसांचं कण्हणं असतं. त्या माणसांनी धर्म केव्हाच सोडलेला असतो. त्यांची सुटका मात्र फादरने पाय ठेवण्यावर अडकलेली असते. पहाटे रॉड्रिग्ज पाय ठेवतो.

तोवर मी रॉड्रिग्जच्या बाजूने होते, कारण तो ताठ होता. तो वाकला तेव्हा मला त्याचा राग आला नाही. मग किचिजिरोचा का आला होता? दोघांच्या पायाखाली पाटी तीच होती. एकाला माझ्या मनात जागा होती कारण तो शिकलेला, देखणा, गोष्टीचा नायक होता. दुसरा चिखलात बसलेला गरीब कोळी होता. माझं तत्त्व म्हणजे नेमकं काय होतं, ते त्या पहाटे कळलं.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही काही जणी श्रीरंगपट्टणला गेलो. म्हैसूरपासून ते हाकेवर. किल्ला, टिपूचा उन्हाळी महाल, संगम हे सगळे पाहतात ते आम्हीही पाहिलं. अबे दुबुआंच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं चर्च तिथे आहे, तेही पाहिलं. दुबुआंचं नाव मी फक्त हिंदू चालीरीतींवरच्या ग्रंथाचे लेखक म्हणून ऐकलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीने त्याचं हस्तलिखित विकत घेतलं आणि १८१६ साली लंडनमध्ये ते इंग्रजीत छापलं. पण या गावात ते ग्रंथकार म्हणून आले नव्हते.

फ्रान्समध्ये क्रांतीने धर्मगुरूंवर तलवार उपसली होती, त्या १७९२ साली दुबुआ मायदेश सोडून निघाले आणि दक्षिण भारतात आले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. त्यानंतर इथल्या ख्रिस्ती लोकांसाठी दुबुआंना बोलावणं आलं. हे लोक कोण? १७८४ साली, इंग्रजांशी युद्ध संपत असताना, मंगळूरकडच्या ख्रिस्ती समाजावर शत्रूला मदत केल्याचा संशय आला आणि टिपूने हजारो माणसं बायकापोरांसह धरून इथे आणली. किती हजार, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दुबुआंनी साठ हजारांहून अधिक असं लिहिलं आहे. त्यांना इस्लाम स्वीकारायला लावला. भारतातल्या ख्रिस्ती धर्माच्या स्थितीवर दुबुआंची पत्रं १८२३ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत त्यांनी फार कडवटपणे नोंदवलंय की एवढ्या हजारांत धर्मासाठी मरायला एकही जण पुढे आला नाही, सगळे मुकाट वाकले. टिपूच्या मृत्यूनंतर मात्र बहुतेक जण परत आले. वरवरचं होतं, मनातून आम्ही कधी सोडलं नव्हतं, म्हणाले. त्यांपैकी सुमारे दोन हजार आपल्याकडे आले आणि वीस हजारांच्या आसपास मंगळूरकडे परतले, असंही दुबुआ लिहितात.

हा हिशेब मी पुढे वाचनालयात बसून वाचला आणि माझ्या मनात दुबुआ रॉड्रिग्जच्या शेजारी जाऊन बसले. कडवट लिहिणारा हाच माणूस त्या परतलेल्यांना पुन्हा पदरात घेत होता. भारतीयांसारखा वेश आणि राहणी त्यांनी पत्करली होती. देवीच्या साथीत लस टोचण्याचं काम हाती घेतलं आणि १८०३-०४ मध्ये २५ हजारांवर माणसांना लस मिळाली. १८२३ साली ते भारत सोडून गेले ते पुन्हा इकडे आले नाहीत. इतक्या वर्षांत आपण फार तर दोन-तीनशे माणसं धर्मात आणली आणि त्यांतलीही बरीचशी गरजेपोटी आलेली, असं त्यांनी जाहीरपणे लिहून ठेवलं. स्वतःचं अपयश इतक्या सरळ मांडणारा माणूस दुसऱ्याच्या दुबळेपणावर रागावला तरी त्याला टाकत नाही, असं मला वाटतं.

टिपूची ही गोष्ट सांगताना हात आखडता घ्यावासा वाटतो, कारण ती आज लगेच कुणाच्या तरी विरुद्ध वापरली जाते. म्हणून सगळंच सांगायला हवं. १७९१ साली मराठ्यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हा मठाला मदत पाठवली ती याच टिपूने. आणि गोव्यात १५६० साली पोर्तुगीजांनी इन्क्विझिशन बसवलं, ते १८१२ पर्यंत कमी-अधिक चाललं. तिथे पाटी धरणारे हात ख्रिस्ती होते.

इथे मला थांबावं लागलं. आमची वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. माझे पूर्वज त्याच काळात कधीतरी ख्रिस्ती झाले. कुणी प्रवचन ऐकून झाले असतील, कुणी जमीन राखायला, कुणी धाकाने. आपल्या घराण्यातल्या पहिल्या ख्रिस्ती माणसाचं चित्र मी नेहमी गोन्सालोसारखं रंगवलं होतं, ताठ मानेचं. तो किचिजिरोही असू शकतो. रात्री कुणी आलं, सकाळी त्याने मान खाली घातली, आणि त्याच्या वाकलेल्या मानेतून चारशे वर्षांनी माझी श्रद्धा उगवली. हा विचार एंदोंच्या पुस्तकाशिवाय मला सुचला नसता, आणि सुचला असता तरी पेलला नसता.

अभ्यासक्रम संपवून निघताना मी देवराज मार्केटमधून पानांची कवळी घेतली, ओल्या फडक्यात बांधली आणि वसईला उतरल्यावर तशीच मामाकडे गेले. मामाने दार उघडलं, पानं हातात घेतली, एक पान बोटांत धरून उजेडात पाहिलं. ‘‘पान बरं आहे. शिरा बारीक आहेत. पण आपल्यासारखं टिकायचं नाही,’’ म्हणाला. मामीने चहा टाकला. मी मनात बरंच काही जुळवून आले होते. त्या रात्री काय झालं ते सांग, असं विचारायचं होतं. म्हणजे मग मला समजून घेता आलं असतं, माफ करता आलं असतं. मामा वेलीचा रोग, पाण्याचा खारटपणा, पानांचा भाव यांवरच बोलत राहिला. बोलता बोलता एकदाच म्हणाला, ‘‘सही केली मी. झालं.’’

आणि मला विचारावंसं वाटेनासं झालं. किचिजिरोकडून कारण मागत बसण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? कारण पटलं तरच जवळ करायचं, हा पुन्हा न्यायाधीशाचाच व्यवहार. आमच्या कन्नडच्या मॅडमनी खाली घातलेल्या मानेला जे दिलं, तेवढंच मला देता येण्यासारखं होतं. मी चहा प्यायले, नंतर जात राहिले. त्या नाताळात ताट आलं तेव्हा मी आधी हात घातला. आई काही म्हणाली नाही.

एंदोंविषयी मी नंतर हळूहळू वाचत गेले. १९२३ सालचा जन्म. आई ख्रिस्ती झाली म्हणून शाळकरी वयात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो धर्म आपल्या अंगाला नीट बसत नाही, ही त्यांची जन्माची बोच होती. ‘सायलेन्स’पूर्वी क्षयरोगाने त्यांना इस्पितळात खिळवून ठेवलं, फुप्फुसाच्या शस्त्रक्रिया झाल्या. नागासाकीत त्यांनी एक फुमिए पाहिली आणि तिच्यावर उमटलेल्या पायांच्या खुणा त्यांच्या मनातून गेल्या नाहीत. ज्यांनी पाय ठेवला ती माणसं कोण होती, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. हुतात्म्यांची नावं चर्च जपतं, या माणसांची कुणी जपली नाहीत. ती त्यांनी कादंबरीत आणली. जपानमधल्या अनेक ख्रिस्ती वाचकांना ते रुचलं नाही. मला ते समजू शकतं. म्हैसूरच्या त्या खोलीत मलाही रुचलं नव्हतं.

त्या न जपलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हेही इतिहासात आहे. दरवर्षी अधिकाऱ्यांपुढे पाटीवर पाय ठेवायचा, घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, मुलांना गुपचूप बाप्तिस्मा द्यायचा, असं त्यांनी सात पिढ्या केलं. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, ग्रंथ जवळजवळ नाहीत. १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसं आली आणि तिथल्या फ्रेंच फादर पेतिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितलं की आमच्या मनात तेच आहे जे तुमच्या. श्रीरंगपट्टणला दुबुआंपुढे येऊन लोक तेच म्हणाले होते. आणि पेतिजाँ ज्या पॅरिसच्या विदेशी मिशन संस्थेचे, त्याच संस्थेचे दुबुआ. फ्रान्सला परतल्यावर दुबुआ तिचे प्रमुखही झाले. जपानमधली बंदी उठली १८७३ साली. तोवर धर्म टिकला होता तो ताठ उभं राहून मेलेल्यांच्या आठवणीवर, आणि वाकून जगलेल्यांच्या हातांनी. हुतात्म्यांना मुलं वाढवता येत नाहीत. ते काम किचिजिरोंना करावं लागतं.

२०१६ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा आमच्याकडच्या तरुणांत तिची चर्चा झाली. एकाने मला विचारलं, ‘‘बाई, शेवटी फादर जिंकतो की हरतो?’’ मला उत्तर देता आलं नाही. पण म्हैसूरला जाण्याआधी मी ते क्षणात दिलं असतं.

‘स्मृतिचित्रे’ही मी मग पुन्हा वाचलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी. मधल्या काळातली भीती, सोवळ्याची ओढ, रडणं, हट्ट हे सगळं त्यांनी हसत हसत लिहून ठेवलंय. स्वतःला कुठेही शूर केलेलं नाही. आईच्या उशाशी असलेलं ते पुस्तक मी लहानपणापासून चाळत होते, आणि त्यातली ही गोष्ट दिसायला मला एका जपानी माणसाची मदत लागली. आपल्या घरचं धन दाखवणाऱ्याचं ऋण कसं फेडावं?

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आता मी मुलांना शिकवते. फेब्रुवारी आला की गोन्सालोची गोष्ट येते. मी ती सांगते, आणि सांगताना आजही माझा आवाज भरून येतो. पण तिथे थांबत नाही. गलबत सांगते, दरबारातला संशय सांगते. राज्यकर्ते भ्याले की त्यांची भीती सामान्य माणसाच्या पायाखाली येऊन पडते, हे सांगते. मग पाटीवर पाय ठेवलेल्यांची गोष्ट सांगते. मुलं अस्वस्थ होतात, कुणी म्हणतं ते वाईट होते. मी वाद घालत नाही. त्यांच्या वयाची असताना मीही तेच म्हटलं होतं.

या कादंबरीने मला शूर केलं, असं मी म्हणणार नाही. उद्या रात्री माझ्या दारी माणसं आली तर मी गोन्सालो ठरेन की किचिजिरो, हे आधी सांगता येत नाही. बहुधा दुसराच. गोन्सालोपुढे हात जोडायला मला वसईने शिकवलं होतं. शेवटच्या बाकावर जाऊन मामाशेजारी बसायला मला एंदोंनी शिकवलं. आता मी तिथेच बसते.